गादीखालची प्रश्नपत्रिका

१

प्रश्नपत्रिकेचं पाकीट शालिकराम भोयरच्या गादीखाली सापडलं, तेव्हा त्याच्यासाठी हळहळणारे थोडे होते आणि मनातल्या मनात सुखावलेले पुष्कळ. वर्गात पहिला येणाऱ्याच्या नशिबी हे असतंच, मग तो वर्ग शाळकरी पोरांचा असो की सरकारी उपअभियंत्यांचा.

हा वर्ग उपअभियंत्यांचा होता. वाडीची गोदामं मागे टाकून अमरावती रोडने थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला ते प्रशिक्षण केंद्र लागतं. मोठ्या प्रकल्पाचा ताबा हवा असेल तर आधी इथे राहून प्रकल्प व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करायचा, शेवटी परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं, असा नवा नियम आला होता. प्रमाणपत्र नाही तर प्रकल्प नाही. त्यामुळे पूल आणि कालवे बांधता बांधता केस पिकलेली माणसं बाकांवर बसून भिंतीला रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होती. काम वेळेत कसं संपवावं हे त्यांना पुण्याहून आलेला पियूष नावाचा कोटवाला तरुण शिकवत होता. त्याने स्वतः आयुष्यात एखादा ओटाही बांधून घेतला नसावा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी केंद्राच्या सूचनापेटीत एक फोटो आला. ही पेटी म्हणजे प्रत्येकाला दिलेल्या टॅबवरची एक सोय: तक्रार बिनधास्त करा, नाव कोणाला कळणार नाही. फोटोत उचललेली गादी होती, खालची प्लायवूडची फळी होती, फळीवर लाखेचं सील असलेलं पिवळं पाकीट आणि त्याच्या शेजारी केंद्राने सगळ्यांना वाटलेल्यांपैकी एक निळा पेन. खाली एकच ओळ लिहिली होती, 'भोयर साहेबांचा अभ्यास'.

संचालक मधुसूदन गुजर माणसं घेऊन धावले. खोलीला कुलूप होतं. शालिकरामने खिशातून किल्ली काढून ते उघडलं आणि स्वतःच गादी उचलली. पाकीट तिथेच होतं, सीलही शाबूत होतं. पेन तेवढा नव्हता, पण पाकिटापुढे पेनाची आठवण कोणाला राहणार?

गुजर साहेबांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, आणि निवृत्तीपूर्वी कसलंही लचांड नको हा त्यांचा एकमेव प्रकल्प होता. ते थेट वंदनाताई झाड्यांकडे आले. वंदनाताई सरकारच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेल्या. लाचखोरी आणि चौकशा या विषयांवर दोन व्याख्यानं द्यायला केंद्रात मुक्कामी होत्या. ताई, पोलीस नको, वर्तमानपत्र नको, उद्या दुपारी मला वर अहवाल पाठवायचाय, तोवर एकदा बघता का, असं त्यांनी काकुळतीला येऊन विचारलं. अहवालात शालिकरामचं नाव गेलं की निलंबन आणि मागोमाग बडतर्फी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वंदनाताई बघते म्हणाल्या. त्यांना खोटं पचत नसे. नोकरीत त्यामुळे त्यांच्या बदल्या पुष्कळ झाल्या, आणि ज्यांनी त्या केल्या त्या सगळ्यांची नावं त्यांना अजून पाठ होती.

शालिकराम खोलीत उघड्या फळीवर बसला होता. उन्हाने रापलेला, जाड बोटांचा माणूस. कूलर बंद होता आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेहरा शांत होता. इतका शांत चेहरा वंदनाताईंना आवडला नाही.

"मी पाकीट उघडलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "पण आमच्या घरच्या माणसाचं चौकशीत कोणी ऐकत नसते, हे मले माहीत आहे. तुम्ही एक करा. सगळे मले पाहून राहिले. फोटो कोणत्या टॅबवरून आला, ते कोणीच पाहून नाही राहिलं."

वंदनाताईंनी ते पाहिलं. टॅब विक्रम शिर्केचा होता.

२

नाव कळणार नाही असं सांगितलेल्या पेटीत नाव कळतं कसं, हा प्रश्न त्यांनी भैरवी चिटणवीसला विचारला. भैरवी अभ्यासक्रमाची समन्वयक, पस्तिशीची, सगळ्यांची सगळी गाऱ्हाणी ऐकून दमलेली. नाव दिसत नाही पण टॅबचा क्रमांक दिसतो, असं तिने खाली मान घालून कबूल केलं. आणि हे गुपितही राहिलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी डाळ पाणचट असल्याची तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक्याने त्या साहेबांना नावाने हाक मारून घट्ट डाळीची वाटी पुढे ठेवली. भोजनगृहभर हशा झाला. सगळ्यात मोठ्याने विक्रम शिर्के हसला होता.

पाकीट भैरवीच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात, खण उघडा, आणि भैरवी चहाला गेली की ऑफिसात चिटपाखरूही नसे. खोल्यांच्या जादा किल्ल्या तिथेच भिंतीवर टांगलेल्या. टॅब सगळ्यांचे भोजनगृहात एकाच टेबलावर चार्जिंगला लागलेले असत आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, तो भैरवीनेच ठरवलेला. थोडक्यात, इथे चोरी करायला अक्कल लागत नव्हती, नुसता वेळ लागत होता.

"तुझ्यावर येईल हं हे," वंदनाताई म्हणाल्या.

"माझ्यावर सगळंच येतं," भैरवी म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

पियूषला भोयर किंवा शिर्के यांपैकी कोणाचंच सोयरसुतक नव्हतं. त्याच्या कंपनीला पुढच्या वर्षीचं कंत्राट हवं होतं. प्रश्नपत्रिका बदलून देतो, प्रकरण मिटवा, एवढंच त्याचं म्हणणं. पाकीट फुटलं असतं तर सगळ्या वर्गाची परीक्षा रद्द झाली असती, नशीब सील शाबूत आहे, असं तो दोनदा म्हणाला. वंदनाताईंनी ते ऐकून ठेवलं. चोराने चोरलेलं पाकीट उघडलंच नाही, हे त्यांना सकाळपासून खटकत होतं. अभ्यासासाठी चोरलं असतं तर उघडलं असतं. दुसऱ्याला अडकवायला चोरलं असतं तरी उघडलं असतं, म्हणजे गळफास घट्ट बसला असता.

विक्रम शिर्के धरमपेठेतला. राहणी टापटीप, बोलणं मऊ, इस्त्री कडक. हा अभ्यासक्रम आटोपला की पूर्व विदर्भातल्या एका मोठ्या पाणीपुरवठा योजनेला प्रमुख नेमायचा होता आणि ज्याचे गुण जास्त त्याला ती मिळणार, असं बोललं जात होतं. शर्यतीत दोघंच होते, एक भोयर आणि दुसरा हा. म्हणजे कारण होतं, टॅब त्याचा होता, संधी तर सगळ्यांनाच होती. गुजर साहेबांनी मनातल्या मनात अहवाल लिहूनही टाकला असावा.

विक्रम चिडला नाही. टॅब कोणीही उचलू शकतो हे त्याने शांतपणे सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मॅडम, एक सांगू? माणूस असतो तसाच असतो. याचा धाकटा भाऊ माझ्या हाताखाली कनिष्ठ अभियंता होता. त्याने एक टाकी पाडली. हा पाकीट चोरतो. रक्तातच असतं हो काहींच्या."

आयुष्यभर त्यांनी असली मऊ बोलणारी माणसं समोर बसवली होती. त्यांनी भैरवीला भावाचा पत्ता विचारला.

३

भाऊ जवळच निघाला. वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो माल उतरवून घेण्यावर देखरेख करत होता. घरात सगळे त्याला गोलू म्हणत आणि आता बाहेरही गोलूच म्हणत होते, कारण साहेब म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत ऑटोवाल्याने वंदनाताईंना दारात सोडलं. गोलूने त्यांना तेलाच्या डब्यावर बसवलं आणि त्या कोण हे कळल्यावर हातातली मालाची यादी बाजूला ठेवली.

मग त्याने सगळं सांगितलं. एका गावात पिण्याच्या पाण्याची उंच टाकी बांधायची होती. गोलू साइटवर, साहेब विक्रम शिर्के नागपुरात टेबलावर. पाणी भरून चाचणी घ्यायच्या आधी गोलूला टाकीच्या तळाला भेगा दिसल्या. त्याने फोटो काढून शिर्केला पाठवले, फोन करून चाचणी थांबवा म्हणाला. शिर्केला ती टाकी पूर्ण झाल्याचं वर दाखवायचं होतं. भर पाणी, मी आहे ना, असं तो फोनवर म्हणाला. टाकी बसली. खाली काम करणारे दोन मजूर जन्माचे अधू झाले.

"चौकशीत शिर्के साहेबानं सांगितलं का तो स्वतः साइटवर आला होता," गोलू म्हणाला. "भेगा त्यानं स्वतः पाहिल्या, फोटो त्यानं काढले, अन् मले पाणी भरू नको म्हणून बजावलं. ते फोटो माझे होते, मॅडम. मीच त्याले पाठवले होते. त्यानं तेच पुढे केले. माझा फोन तोवर जप्त झाला होता. साहेबाच्या शब्दापुढे माझं कोण ऐकते?"

"आणि तो साइटवर आला होता का?"

"एक दिवस नाही. टाकी कोणत्या बाजूले पडली, हे बी त्याले माहीत नव्हतं."

गोलू बडतर्फ झाला. मजुरांच्या गावात त्याच्या नावाने लोक थुंकतात, हे तो सरळ सांगून मोकळा झाला. त्याचं दुखणं वेगळं होतं. आई जिजाबाई लग्नाकार्याला जायची बंद झाली होती. पोराने माणसं अधू केली, असं बायका तिच्या तोंडावर बोलत, आणि ती मान खाली घालून निघून येई. भाऊने, म्हणजे शालिकरामने, खूप खटपट केली, अर्ज केले, पण प्रकरण बंद झालं ते झालंच.

वंदनाताईंना संताप आला. शिर्केला आजच्या आज गुजरांच्या स्वाधीन करावं आणि वर दोन शब्द आपल्या पदरचे घालावेत, असं त्यांना मनापासून वाटलं. पुरावा जुळत होता, कारण जुळत होतं, माणूस त्याच लायकीचा होता. त्या उठल्या.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. मागच्या भिंतीला तडा गेल्याचं काय, फोटो पाठव, असं तो ओरडत होता. गोलू भिंतीपाशी गेला. मोबाइल काढायच्या आधी त्याने खिशातून पेन काढला, भिंतीतून निघालेल्या एका खिळ्याच्या आधाराने तड्याला समांतर उभा केला, मग फोटो काढला आणि पेन परत खिशात ठेवला. त्याच्या हातांनी हे आपसूक केलं, डोकं अजून टाकीतच होतं.

"पेन काहून लावला गा?" वंदनाताईंनी विचारलं.

गोलूला प्रश्नच कळला नाही. "मापासाठी," तो म्हणाला. "नाहीतर तडा बोटभर आहे का हातभर, हे फोटोत कसं समजन? साइटवरचा माणूस पेन नाहीतर टेप ठेवल्याशिवाय फोटो काढतच नाही. टाकीच्या फोटोतही ठेवला होता."

"हे तुला कॉलेजात शिकवलं?"

"कॉलेजात कोण शिकवते, मॅडम? नोकरी लागली तवा भाऊनं शिकवलं."

वंदनाताई परत डब्यावर बसल्या.

४

संध्याकाळी त्यांनी शालिकरामला रिकाम्या वर्गात बोलावलं. भिंतीवर अजून त्याच्या गटाच्या रंगीत चिठ्ठ्या होत्या, कोणतं काम कोणत्या कामानंतर. सगळ्यात नीटनेटका तक्ता त्याचाच होता. वंदनाताईंनी त्याला बस म्हटलं नाही.

सूचनापेटीत टॅबचा क्रमांक दिसतो हे शिर्केला माहीत होतं, असं त्या म्हणाल्या. डाळीवरून तोच सगळ्यात मोठ्याने हसला होता. तो आपल्याच टॅबवरून फोटो टाकेल इतका बावळट नाही. पण त्याच्यावर संशय यावा असं ज्याला वाटतं, तो मात्र त्याचाच टॅब घेईल. शिवाय कोणीही न विचारता टॅब तपासा असं सांगणारा माणूस एकच होता.



"पाकीट उघडलं असतं तर सगळ्यांची परीक्षा रद्द झाली असती," त्या म्हणाल्या. "तुला एकाच माणसाला बुडवायचं होतं. बाकीच्यांचं नुकसान तुझ्याच्याने झालं नाही. इथवर मला नुसता संशय होता. पण फोटोत पेन आहे, पाकिटाच्या कडेला अगदी समांतर, आणि खोलीत तो नव्हता. पडलेला पेन पडलेलाच राहतो. हा ठेवला आणि काम झाल्यावर उचलला. शिर्केच्या हाताला ही सवय नाही, शालिकराम. तुझ्या हाताला आहे. गादीखालच्या पाकिटाचंही तुला माप द्यावंसं वाटलं."

शालिकरामने आपल्या हातांकडे पाहिलं. मग तो खुर्ची ओढून बसला आणि हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं.

"पेन ठेवला हे मले आता तुम्ही सांगितलं तवा समजलं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी पंगतीत तो मले म्हणे, टाकीवाल्या भोयरचा तू कोण? सगळ्यांसमोर. अन् वरून म्हणे, याले वरण वाढा, याच्या घरचे लोक पाणी भरून दमले. मॅडम, तो हसून राहिला होता. तवाच ठरवलं. त्यानं खोट्यानं माझ्या भावाले बुडवलं, मी खोट्यानं त्याले बुडवीन. चौकशी काय असते ते त्यालेही समजू दे."

"आणि तुझं?"

"मी तर बळीचा बकरा. माझं काय होते?"

वंदनाताईंना त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्हींहून जास्त त्यांना शिर्केचा राग आला. पण खोटा अहवाल त्यांनी आजवर लिहिला नव्हता. तो कोणाच्याही भल्यासाठी लिहायचा नाही, हे त्यांचं स्वतःशी ठरलेलं होतं. त्यांनी शालिकरामला सांगितलं, की उद्या त्या फोटोबद्दल जे खरं आहे तेच सांगतील. त्याचं नाव मात्र त्यांच्या तोंडून येणार नाही, कारण रिकाम्या वर्गातल्या या तोंडी कबुलीपलीकडे त्यांच्याकडे पुरावा नाही. वर्गात पेन ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. तो गप्प बसला तर सुटेल, परीक्षा देईल, कदाचित पहिलाही येईल.

"म्हणजे शिर्केही सुटन," शालिकराम म्हणाला.

"उद्या तो काय बोलतो ते कान देऊन ऐक," वंदनाताई म्हणाल्या. "मग तुला त्याला बुडवायचंय की गोलूला वर काढायचंय, ते तुझं तू ठरव."

दार लावून त्या निघाल्या. टाकीच्या चौकशीत शिर्केने पुढे केलेले फोटो आपण जुन्या खात्यातून मागवून घेतलेत, हे त्यांनी शालिकरामला सांगितलं नाही.

५

सकाळी सगळा वर्ग सभागृहात जमला. पुढच्या रांगेत गुजर साहेब, शेजारी भैरवी आणि पियूष. मागे कॅमेरा चालू होता. इथे प्रत्येक सत्राचं चित्रीकरण होई, आणि ते बघण्याची तसदी कोणी घेत नसे.

वंदनाताईंनी गादीखालच्या पाकिटाचा फोटो पडद्यावर लावला आणि विक्रम शिर्केला उभं केलं. तुमच्या टॅबवरून आलाय, आता तुम्हीच सांगा, असं त्या म्हणाल्या. विक्रमने टॅब कोणीही उचलू शकतो हे परत सांगितलं. आज मात्र त्याचा आवाज कालच्याइतका मऊ नव्हता. वर्गात कोणाचा त्यावर विश्वास बसलेला दिसत नव्हता, आणि ते त्यालाही दिसत होतं.

"बरं, हा पेन इथे कशाला?" वंदनाताईंनी विचारलं.

"पडला असेल कोणाच्या खिशातून."

मागून खसखस पिकली. शेवटच्या बाकावरचे रुपराव, कालव्यांवर नोकरी काढलेले, बसल्या जागेवरून बोलले. "पडलेला नाही मॅडम, ठेवलेला हाय. मापासाठी. आपण सगळेच ठेवतो ना." माना हलल्या. तेव्हा कुठे बऱ्याच जणांना तो पेन दिसला.

वंदनाताई म्हणाल्या, म्हणजे हा फोटो काढणारा माणूस साइटवर वाढलेला आहे, पेन ठेवल्याशिवाय ज्याला फोटो काढताच येत नाही असा. मग त्या विक्रमकडे वळल्या. तुम्हाला आहे का हो ही सवय?

विक्रमला समोर उघडं दार दिसलं. बुडत्या माणसाने धरावा तसा त्याने तो प्रश्न धरला. आपली सगळी नोकरी ऑफिसात, डिझाइन आणि टेंडरच्या टेबलावर गेली, साइट हाताखालची माणसं बघत, हे त्याने गुजर साहेबांकडे बघून सांगितलं. वाटलं तर कार्यालयाला विचारा म्हणाला.

"साइटवर जाणं माझं कामच नव्हतं कधी," तो म्हणाला. "भेगांचे फोटो लोक मला पाठवतात, मी काढत नाही. पेन ठेवायचा हे मला आत्ता कळलं."

"एकदाही नाही काढला असा फोटो?"

"एकदाही नाही. लिहून देतो."

"लिहायची गरज नाही, कॅमेरा चालू आहे," वंदनाताई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरचा फोटो बदलला.

आता पडद्यावर काँक्रीटचा तळ होता. त्यात एक लांब वाकडी भेग आणि भेगेला समांतर ठेवलेला पेन. टाकीच्या चौकशीत हे फोटो तुम्ही स्वतः साइटवर जाऊन काढल्याचं सांगितलंत ना शिर्के, असं त्यांनी विचारलं. तुमच्या त्या शब्दावर एका कनिष्ठ अभियंत्याची नोकरी गेली, आठवतं का? आवाज त्यांनी चढवला नव्हता. पण त्यांना या क्षणी फार बरं वाटत होतं, आणि ते लपवायचंही त्यांच्या मनात नव्हतं.

"ती एकच वेळ," विक्रम म्हणाला. "तेव्हा गेलो होतो मी."

"म्हणजे सवय आहे तर. मग कालचा फोटोही तुमचाच म्हणायचा."

एकीकडे गेलं तर प्रश्नपत्रिकेचा चोर, दुसरीकडे गेलं तर खोटा साक्षीदार. पण विक्रमने सगळी हयात कागदांवर काढली होती, आणि थोड्याच वेळात त्याला तिसरी वाट सुचली. त्याने रुमालाने तोंड पुसलं. पेन कोणीही ठेवू शकतो, न ठेवणाराही एखादे वेळी ठेवतो, यातून काहीच सिद्ध होत नाही, असं तो म्हणाला. फोटो कोणी काढला हेच माहीत नसेल तर बाकी सगळं हवेत आहे, गुजर साहेब.

गुजर साहेबांनी वंदनाताईंकडे पाहिलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. वंदनाताईंना ते काल रात्रीपासून ठाऊक होतं, आणि यापुढे त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांनी शालिकरामकडे मुद्दाम पाहिलं नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"फोटो मी काढला," शालिकराम म्हणाला. तो उभा होता आणि दोन्ही हात बाकावर टेकवलेले होते. "पाकीट मी आणलं, गादीखाली मी ठेवलं, शिर्के साहेबाचा टॅब मी घेतला. लिहून घ्या, गुजर साहेब. शिर्के साहेब आता जे म्हणाले ते खरं हाय. ते साइटवर कधीच गेले नाही. पेन त्यांनी कधीच ठेवला नाही. हे बी लिहून घ्या, अन् माझ्या सहीखाली घ्या."

विक्रम खाली बसला. त्याच्यावरचा चोरीचा आळ आत्ता, सगळ्यांदेखत पुसला गेला होता. अशा सुटकेसाठी एरवी त्याने पेढे वाटले असते. आता मात्र साइटवर कधी गेलोच नाही हे त्याचं म्हणणंही त्याच दमात खरं ठरलं होतं, आणि टाकीच्या चौकशीतली त्याची साक्ष खोटी.

६

अहवाल दुपारी गेला. शालिकराम भोयर निलंबित झाला, त्याचं नाव परीक्षेतून कमी झालं आणि बडतर्फीची नोटीस येणार हे नक्की होतं. विक्रम शिर्केचा निकाल राखून ठेवायचं ठरलं. सभागृहाच्या चित्रीकरणाची प्रत सोबत जोडून टाकीची चौकशी नव्याने उघडायची शिफारस वंदनाताईंनी स्वतः लिहिली. गुजर साहेबांनी त्यातला एक शब्द सौम्य करता येईल का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. गुजर साहेबांनी सही केली.

गोलू मोटरसायकल घेऊन फाटकापाशी आला होता. भावाची बॅग त्याने हातात घेतली नाही. त्याला सगळं कळलं होतं आणि त्याचे डोळे लाल होते.

"मी सांगितलं होतं का तुले?" तो शालिकरामवर खेकसला. "घरात एक नोकरी उरली होती. माझं नाव धुवायले तुझं घाण केलं? आईले आता काय सांगू मी?"

वंदनाताई निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनाही एक विचारायचं होतं, म्हणून त्या थांबल्या. पश्चात्ताप होतोय का, असं त्यांनी शालिकरामला विचारलं.

शालिकरामने बॅग स्वतःच मोटरसायकलच्या मागे बांधली. दोरीची गाठ ओढून पाहिली. मग तो वंदनाताईंशी नाही, गोलूशी बोलला.

"आईले खरं सांगजो," तो म्हणाला. "आजवर ते निर्दोष पोरासाठी मान खाली घालून चालली. आता जे पोरगं खरंच दोषी हाय, त्याच्यासाठी घालन. चाल, गाडी सुरू कर."

गोलूला किक मारायला बराच वेळ लागला. गाडी अमरावती रोडला लागेपर्यंत वंदनाताई फाटकात उभ्या होत्या. मग दुपारच्या परीक्षेची वेळ झाली म्हणून त्या आत गेल्या.